वास येईनासा झाला तेव्हा

ता. ६ फेब्रुवारी

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही आजी होणार असल्याची बातमी तुमच्या चिरंजीवांनी कळवलीच असेल. माझी तब्येत ‘ठीक’ आहे, असंही त्यांनी लिहिलं असणार. ठीक म्हणजे कशी, ते मी सांगते. सकाळी पाय जमिनीला टेकले की बेसिनकडे धाव. दात घासताना दुसरी फेरी. त्यानंतर दिवसभर पोटात कुणीतरी होडी वल्हवत असतं. काल मी साबणाच्या वडीशी भांडले, तिला इतका सुवास कशाला हवा म्हणून.

दुकानात तर विचारूच नका. चष्मा बसवायचा म्हणजे गिऱ्हाइकाच्या तोंडापाशी तोंड न्यावं लागतं. काडी कानामागे टोचते का, फ्रेम नाकावरून घसरते का, सगळं जवळून बघायचं. परवा एक वकील आले, नुकताच कच्चा कांदा खाऊन. मी त्यांना समोरची पाटी वाचत राहायला सांगितलं आणि मागे पळाले. बऱ्याच वेळाने परत आले, तर बिचारे इमानदारीने तीच पाटी पुन्हा पुन्हा वाचत होते.

एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगते. हे कारखान्यातून येतात ना, ते लाकडाच्या पॉलिशचा आणि स्पिरिटचा वास घेऊन येतात. लग्न झाल्यापासून तो वास आला की मला बरं वाटायचं, आपला माणूस घरी आला म्हणून. आता जिन्यात त्यांचं पाऊल वाजलं तरी पोट ढवळतं. दिवसभर कपाटं घासून दमलेला माणूस मायेने विचारतो की आज काय खाल्लंस, आणि मी तोंड दाबून पळते. स्वयंपाकाच्या वासाने होतं, असं मी त्यांना खोटंच सांगितलंय. त्यांना यातलं काही कळू देऊ नका. उगाच हातचं काम सोडून बसतील.

मागच्या वेळचं तुम्हाला माहीत आहे. तेव्हाही अशाच उलट्या होत होत्या आणि एके दिवशी अचानक सगळं शांत झालं. सगळे वास गेले, मी खूश होऊन पोटभर जेवले. मग दवाखान्यात कळलं की बाळाचं हृदय थांबलंय. म्हणून खरं सांगते आई, या वेळी उलटी झाली की रडूही येतं आणि हायसंही वाटतं. आतलं माणूस जागेवर आहे, असं वाटतं.

गुडघा जपा. डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हटलंय, तर करू नका. तुमची माया आहेच, चार ओळींचं पत्रही येऊ द्या.

तुमची,
सूनबाई


ता. ११ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा वाचलं आणि डोळे पुसले. तुझा नवरा पोटात असताना मी चालत्या बसमध्ये तिकिटं फाडत होते. डिझेलचा धूर, माणसांचा घाम आणि वळणावळणाचा रस्ता. आमचा ड्रायव्हर भला माणूस. माझ्या तोंडाकडे आरशात बघून बरोबर वेळेला गाडी बाजूला घ्यायचा. भरलेली बस माझ्यासाठी झाडाखाली उभी राहायची आणि एकाही उतारूने कधी कुरकुर केली नाही. एक बाई रोज माझ्यासाठी लिंबू आणायची, शिवाय तिकिटाचे सुटे पैसेही द्यायची. त्यातले जास्त उपकार कशाचे, हे माझं अजून ठरलेलं नाही.

आता मी सांगते ते कर. उशाशी कोरडी बिस्किटं ठेव आणि उठून बसायच्या आधी एखादं चघळ. पोट अगदी रिकामं ठेवू नकोस आणि एकदम भरूही नकोस. पाणी घोटघोट पी. आलं चालत असेल तर चाख, नाही चाललं तर माझा आग्रह नाही. गरम जेवणाला वास जास्त येतो, तेव्हा गार करून जेव. आणि पाणीसुद्धा पोटात टिकेनासं झालं, लघवी कमी किंवा गडद व्हायला लागली, तर शूरपणा न करता दवाखाना गाठ. त्यावर गोळ्या असतात, त्या घेण्यात कमीपणा नाही.

तू सांगितलेली गोष्ट माझ्यापाशी राहील. तू मला विश्वासाने सांगितलीस, याचं मला फार बरं वाटलं. सख्ख्या आईला सांगावं तसं सांगितलंस.

काळजी माझ्यावर सोड आणि तू बिस्किटं खा.

तुझी,
सासूबाई (निवृत्त कंडक्टर)


ता. ११ फेब्रुवारी

चि. गट्टूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र कारखान्याच्या पत्त्यावर टाकतेय, तिथेच वाच आणि तिथेच ठेव. तू पोटात असताना तुझे वडील गॅरेजमधून यायचे आणि त्यांच्या कपड्यांच्या ग्रीसने माझे हाल व्हायचे. मी त्यांना कधी बोलले नाही. ते दमून यायचे, माझी जीभ उचलली नाही. तुझ्या पॉलिशचा वास त्याहून उग्र. आता तू माझा मुलगा असलास तरी बापाइतका मठ्ठ नाहीस, असं मी धरून चालते.

कारखान्यातच बिनवासाचा साबण लावून आंघोळ करत जा. कामाचे कपडे तिथेच ठेव, तिथेच धू. घरी येताना स्वच्छ कपडे. आणि तिला यातलं अक्षर बोलू नकोस. आपल्यापायी तुला त्रास होतो असं तिच्या मनात आलं, तर तीच तुला तसाच ये म्हणेल आणि मुकाट्याने ओकत बसेल. ती तशीच आहे. तुझं नशीब चांगलं म्हणून मिळाली.

तुझी,
आई


ता. २४ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझी युक्ती लागू पडली! पहिले काही दिवस कारखान्याच्या नळाखाली थंडीने दात वाजले. मग मिस्त्रींनी सरस तापवायच्या शेगडीवर माझ्यासाठी पाणी ठेवायला सुरुवात केली. त्यांना मी काही बोललो नव्हतो, पण त्यांना चार मुलं आहेत, त्यांनी ओळखलं. आता रोज संध्याकाळी सगळे जण माझ्या आंघोळीची थट्टा करतात आणि बादलीही तेच भरून ठेवतात. ओलं डोकं दिसू नये म्हणून टोपी घालून घरी जातो. उशिराचं कारण म्हणून जास्तीचं काम आलंय असं सांगितलंय.

शेजारच्या काकूंनाही हळूच जाऊन विनंती केली. त्या आता आमच्या बाजूची खिडकी लावून घेतात आणि तळण सकाळी, ती कामावर गेल्यावर उरकतात. मला म्हणाल्या की हे आधीच का नाही सांगितलं.

काल ती ताटभर जेवली. मी समोर बसून बघत होतो. जेवताना ती एकदम गप्प झाली खरी, पण दमली असेल. मी तुझा फार ऋणी आहे. मला बापाइतका मठ्ठ न समजल्याबद्दलही.

तुझा,
गट्टू


ता. २६ फेब्रुवारी

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला लिहू की नको, असं करत दोन कागद फाडले. आई, उलट्या थांबल्या.

हळूहळू कमी झाल्या आणि आता चार दिवस एकही नाही. आधी वाटलं, दुकानामुळे असेल. मालकीणबाईंनी एका शब्दाने काही न विचारता मला आतल्या खोलीत बसवलंय, काचा घासायच्या यंत्रावर. तिथे नुसती पाण्याची धार, वास कशाचा नाही. गिऱ्हाइकांच्या तोंडापाशी त्या स्वतः जातात. त्यांचे उपकार कसे फेडू ते कळत नाही. पण घरीही तेच. काकूंच्या तळणाचा वास येत नाही. आणि यांचा वास, ज्याने मी जिन्यातल्या पावलालाच घाबरायचे, तोही गेला. शेजारी येऊन बसतात, मी मुद्दाम त्यांच्या खांद्याला नाक लावलं. काहीच नाही. नुसता माणूस.

मागच्या वेळीही असेच सगळे वास एकदम गेले होते.

तीन दिवसांपूर्वी भूक लागली म्हणून जेवले. निम्म्या ताटात आठवलं की तेव्हाही अशीच जेवले होते. यांच्यासमोर ताट टाकवेना. ते इतक्या आनंदाने बघत होते की घास गिळत राहिले. त्यांना काही सांगितलेलं नाही. तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. लवकर जायचं माझ्याने धाडस होत नाही. जोवर जात नाही तोवर बाळ आहे, असं वाटतं.

मला रागवा, वेडी म्हणा, पण काहीतरी लिहा.

तुमची,
सूनबाई


ता. १ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. पहाटेच्या गाडीवर माझा जुना ड्रायव्हर आहे, त्याच्या हाती देतेय. स्टँडवर उतरला की तो थेट गट्टूच्या कारखान्यात जाईल. गट्टूने हे पत्र घेऊन तडक तुझ्या दुकानात यावं, असं पाकिटावरच लिहिलंय.

मुली, तुझं नाक कुठेही गेलेलं नाही. वास मी पळवला. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी तुझ्या नवऱ्याला वेगळं पत्र टाकलं. तू सांगितलेलं त्याला सांगितलं नाही, माझ्या बाळंतपणाच्या नावाने त्याला शहाणं केलं. तेव्हापासून तो कारखान्यात आंघोळ करून, कपडे बदलून, टोपी घालून घरी येतो. जास्तीचं काम वगैरे सगळं थाप आहे. शेजारच्या काकूंची खिडकीही त्यानेच बंद करवली. तुला संकोच वाटू नये म्हणून तुला कुणी काही बोलायचं नाही, हे डोकं माझं. फार हुशारी केली असं मला वाटत होतं. तुझं पत्र वाचून ती सगळी उतरली.

पण मी डॉक्टर नाही. खोटा धीर देणार नाही. वास का गेले ते मला ठाऊक आहे. बाळाचं दवाखान्यातच कळेल. तेव्हा तारखेची वाट बघू नका, हे वाचलंत की चपला घाला. एकटी जाऊ नकोस. आत काहीही असो, तू माझी आहेस आणि माझीच राहशील. गुडघा गेला खड्ड्यात, गरज लागली तर मी येते.

मग माझ्यावर हवं तेवढं रागव, मी ऐकून घेईन.

तुझी,
सासूबाई


ता. ३ मार्च

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे ड्रायव्हर परत निघायच्या आत हे त्यांच्या हाती द्यायचं आहे. ते काल आमच्याकडेच मुक्कामाला होते. निरोप घेतल्याशिवाय जाणार नाही म्हणाले.

काल मी आतल्या खोलीत काच घासत होते. हे आले ते थेट यंत्रापाशीच, कामाच्या कपड्यांत, हातात तुमचं पत्र आणि नखांत पॉलिश. पत्र वाचायला तरी कुठली सवड मिळायला! तो वास नाकात शिरला आणि मी काच तशीच टाकून पळाले. आई, मागच्या दारात उभी राहून मी ओकले आणि ओकता ओकता रडले. इतकी छान उलटी मला जन्मात झाली नव्हती. मालकीणबाई पाणी घेऊन धावल्या, हे लांब भिंतीला चिकटून उभे, जवळ यावं की नाही ते कळेना. पत्र मी मग वाचलं.

तसेच दवाखान्यात गेलो. मी टेबलावर डोळे घट्ट मिटून घेतले. मागच्या वेळी मी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत बसले होते, तो चेहरा मला पुन्हा बघायचा नव्हता. यांना म्हटलं, तुम्हीच बघा. मग डॉक्टरांनी एक बटण दाबलं आणि धडधड ऐकू आली, इतकी भरभर की मला वाटलं, यंत्र बिघडलं. यांनी विचारलं की घाई कशाची आहे त्याला. डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या की एवढ्याशा जिवाचं हृदय असंच पळतं, अगदी छान आहे. त्या हसल्या तेव्हा मी डोळे उघडले. हात होते, आई. एक हात हलत होता.

डॉक्टरांनी मला समजावलं की या सुमाराला पुष्कळ जणींच्या उलट्या कमी होतात, आणि नुसत्या उलट्या थांबल्या म्हणून बाळाचं वाईट झालं असं धरून चालायचं नाही. पुन्हा शंका आली तर तारखेची वाट न बघता यायचं, असं बजावलंय. मला रागावल्या नाहीत. सगळेच माझ्याशी इतके चांगले वागतात की मला जड जातं. थंडीत नळाखाली उभे राहणारे हे, पाणी तापवणारे मिस्त्री, खिडकी लावणाऱ्या काकू, मालकीणबाई. आणि तुम्ही. तुमच्यावर रागवायचं म्हणता, तर ते कसं जमवू? इतकी माणसं माझ्यासाठी गुपचूप खपत होती आणि मी मात्र एकटीच घाबरत बसले होते.

रात्री हे अंथरुणावर बसले, तसेच, न धुतलेले. म्हणाले की मी भिंतीकडे झोपतो, तू दाराकडे झोप, म्हणजे पळायला सोपं. मी त्यांचा पॉलिशचा हात ओढून पोटावर ठेवला. जेवढा वेळ सोसवलं तेवढा वेळ ठेवला. मग त्यांना स्वच्छ शब्दांत सांगितलं की आता उठा आणि आंघोळ करून या. पहिल्यांदाच सांगितलं, तोंडावर. ते हसत उठले.

हे स्टँडवर बसून लिहितेय, ड्रायव्हरकाका गाडीचा भोंगा वाजवतायत. तुमची माया आमच्यावर अशीच राहो, आणि यापुढे मला सांगून करा.

तुमचीच,
मुलगी