गच्चीवरचा बार

२ ऑक्टो., गुरु. दसरा
सुट्टी. भाऊजी (यांचे मोठे बंधू) सकाळीच शेतातून घाटंजीला आले, पूजेला बंदूक घेऊन. दरवर्षीचंच. पाटावर ठेवली, हळदकुंकू, झेंडू. मग सहज म्हणाले, भरलेली आहे, रात्री पिकात रानडुकरं फिरकलीच नाहीत. मी हादरले. नणंदेची लहान लेकरं घरभर. जुनी भरमार ती, एकदा नळीत बारूद-छर्रे ठासले की उडवल्याशिवाय रिकामी होत नाही. म्हटलं, आत्ताच्या आत्ता रिकामी करा. शेतावर नेऊन उडवतो म्हणाले. मी म्हटलं, भरलेली घेऊन मोटरसायकलवर नको, गच्चीवरूनच उडवा.

उडवली. मागच्या मोकळ्या प्लॉटकडे. शेजारची शोभा तिच्या गच्चीवर टाकीच्या आड दोरीवरचे कपडे काढत होती. कुणालाच दिसली नाही.

३ ऑक्टो.
फाकलेले दोन छर्रे शोभाच्या उजव्या हातात घुसले होते. यवतमाळला काढले. डॉ. म्हणे, अंगठ्याजवळचं बोट पुन्हा वाकेल की नाही, आज सांगता येणार नाही. ब्लाऊज शिवून घर चालवते ती. माझेही तिनेच शिवलेत, सगळे.
पोलीस बंदूक घेऊन गेले. भाऊजींनाही.
काल सोनं वाटायचं राहिलं. आपट्याची पानं टेबलावर तशीच पडलीत.

५ ऑक्टो., रवि.
भाऊजी जामिनावर सुटून आले. जबाबात काय सांगितलं, यांनी विचारलं.
"दसऱ्याची हौस म्हनून उडवली, असं म्हनलं."
सोबत आलेला वकील कपाळाला हात लावून बसला. वस्तीत आनंदासाठी बार उडवला तर शस्त्र कायद्यात वेगळं कलमच आहे म्हणे, दोन वर्षांपर्यंत कैद. भीतीपोटी रिकामी केली असं सांगितलं असतं तर निदान बोलायला तोंड होतं.
मग खरं का नाही सांगितलं, मी विचारलं.
"तुमचं नाव आलं असतं. तुमाले सरकारी नोकरी हाय. माह्यं काय, बंदूक तं गेलीच."
राग आला. न मागता एवढं मोठं ओझं माझ्या अंगावर टाकलं. आणि सुटल्यासारखंही वाटलं. त्याची जास्त लाज वाटते.

७ ऑक्टो.
शाळा. मु.अ. म्हणाल्या, पेपरात वाचलं, तुमच्याच गल्लीत ना? हो म्हटलं. सहामाहीच्या प्रश्नपत्रिका काढायच्या होत्या, दोन प्रश्न काढून बसून राहिले.
हे म्हणतात गप्प राहा, दादांनी स्वतःहून घेतलंय अंगावर. यांना दादाही हवेत, माझा पगारही हवा. मलाही हवा आहे, खोटं कशाला लिहू.

९ ऑक्टो.
ठाण्याचे जमादार आले. त्या वेळी तुम्ही कुठे होता, मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत हेच म्हणाले, ही स्वयंपाकघरात होती. त्यांनी तसंच लिहून घेतलं. उद्या ठाण्यात येऊन वाचा आणि सही करा, म्हणाले.
चहा दिला. साखर टाकायची राहिली. जमादार बिचारे तसाच प्यायले.

१० ऑक्टो.
शाळेतून परस्पर शोभाकडे. हात पट्टीत, गळ्यात अडकवलेला. मशीनवर चादर घातलेली. भाऊजींना शिव्या देत होती. दारू पिऊन उडवली असंन म्हणाली. नाही, थेंबभर नव्हती, मी म्हटलं.
मग सांगून टाकलं. "गच्चीवरून उडवा, असं मीच म्हटलं होतं."
डाव्या हाताने मशीनवरची चादर सारखी करत राहिली. रडली असती तर बरं झालं असतं. नंतर,
"पोलिसाइले सांगतलं का?"
नाही म्हटलं.
"मंग मले कायले सांगून राह्यल्या? आधी तिथं सांगा. मंग या माह्याकडं."
घरी आले. यांचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. ५.२० झालेत. जमादार सहापर्यंत असतात. कागदावर काय लिहिलंय ते पाठ आहे. आता चप्पल घालून निघते, ते ‘स्वयंपाकघरात’ खोडून खरं लिहायला लावते.