झऱ्याच्या गोष्टीचा पुढचा भाग

प्रिय दादा,

काल बाबा चौकात झऱ्याची गोष्ट गायले. तू वहिनीला घेऊन डोंगर उतरलास, त्यानंतर पहिल्यांदाच. वरच्या गावाची माणसंही आली होती. वहिनीचे वडील पुढेच बसले होते. त्यांनी आधीच निरोप धाडला होता, की वरच्या गावानं आपलं पाणी तोडलं तो भाग यंदा गायचा नाही.

मी नेहमीसारखी बाबांच्या मागे ढोलकीवर होते. तो भाग जवळ आला तसे वहिनीचे भाऊ उठून उभे राहिले. बाबा थांबले आणि तिच्या वडिलांना म्हणाले, "व्याही, पुढचं तुम्ही सांगा. तुमच्या घरात कसं गातात ते मला ऐकायचंय."

तुम्ही गेल्यापासून त्यांना व्याही असं कुणी पहिल्यांदाच म्हटलं. त्यांनी बाबांकडे पाहिलं. मग उठले आणि गायले. त्यांच्या गोष्टीत पाणी आपल्या, खालच्या गावानं तोडलं होतं. बाबांनी मला मानेनं खुणावलं, मी ठेका धरला. कुणी हात उचलला नाही.

निघताना ते माझ्यापाशी थांबले. "पोरगी कुठं असते, तुला ठाऊक असेल," म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, पण मागे तिचे भाऊ माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मी नाही म्हटलं.

तुम्हाला बोलवायलाच लिहायला बसले होते. पण त्या भावांच्या मनात काय आहे ते कळेपर्यंत हे पत्र टाकणार नाही. वहिनीला एवढंच सांगायचं होतं, की तिचे वडील फार छान गातात.

तुझी,
धाकटी