डाव्या कोपऱ्यातली धूळ

मंगळवार, संध्याकाळ

नव्या पोरीनं प्रॅक्टिसआधी बास्केटबॉलचं कोर्ट झाडायचं, असा आमच्या टीमचा नियम. मी अख्खं वर्ष झाडलं. पण श्रुती नांदेडचं कॉलेज सोडून आमच्याकडं आली, आणि पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "तिच्या हातात झाडू देऊ नका, मनगट जपायचंय तिचं." मग माझं मनगट काय भाड्याचं होतं?

झाडू परत माझ्याकडंच. आज मी डावा कोपरा मुद्दाम सोडला. ती तिथूनच शॉट मारते. तिचा पाय घसरावा असं वाटत होतं का? व्हय, वाटत होतं. इथं कशाला खोटं लिहू?

तिनं कोपऱ्यात जाऊन खाली बघितलं. बॅगेतून ओलं फडकं काढलं, बुटांचे तळ पुसले आणि शॉट मारला. बॉल सरळ जाळीत. लई जळले मी. मग तिनं तेच फडकं माझ्याकडं टाकलं. "ताई, तू पण पूस. नांदेडला मीच झाडायचे, कोपरे राहूनच जातात."

राहून गेलं असंच वाटलं तिला? की कळलं?

फडकं माझ्याच बॅगेत आलं. घरी येऊन दोनदा धुतलं. उद्या ते परत द्यायचंय, तिच्याकडं बघून.