एका टेबलाशी दोन साक्षीदार

॥ श्री ॥

मी, सूर्यकांत भिकाजी घाडी, वय एकोणपन्नास, मूळ राहणार तालुका देवगड, सध्या मुक्काम मोहम्मद बिन झायद सिटी, अबुधाबी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्या मनाने लिहीत आहे. मंगळवारी माझी बायपास शस्त्रक्रिया आहे. डोके शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. पत्नीने अजून दिलेला नाही.

१. गावच्या घरातील माझा हिस्सा, बँकेतील शिल्लक आणि कंपनीकडून येणारी ग्रॅच्युइटी पत्नी सौ. शोभना हिला मिळावी. परसातला फणस तोडू नये.

२. देव्हारा मुलगा सिद्धांत याला. त्याला आरती अर्धीच येते. उरलेली इंग्रजीत म्हटली तरी चालेल. देवाने आजवर माझी इथली हिंदीमिश्रित मराठी सांभाळून घेतली आहे.

३. माझे ड्रिल मशीन शेजारी शार्दूल यांच्याकडे आहे. मागितले की "इन्शाल्ला, उद्या" म्हणतात. ते आता त्यांचेच समजावे. राग नाही, फक्त नोंद.

४. धाकटा भाऊ उपेंद्र (राहणार न्यू जर्सी, अमेरिकेचा नागरिक) आणि मुलगी मैथिली (तिथेच शिकून नोकरीला लागलेली) यांना माझ्या मिळकतीतून काहीही मिळणार नाही. याचे कारण नाराजी नव्हे, म्हणून सविस्तर लिहितो.

मैथिली शाळेत असताना तिने मला वाचून दाखवले होते की, अमेरिकेच्या सभागृहात दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका सभासदाने दुसऱ्याला काठीने बेदम मारले आणि लोकांनी मारणाऱ्याला नव्या काठ्या भेट पाठवल्या. तेव्हा उपेंद्र फोनवर हसून म्हणाला होता, "दादा, ते जुने दिवस. आता लोक सुधारलेत."

गेल्या दिवाळीत, तिथल्या निवडणुकीच्या तोंडावर, उपेंद्रच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या ताटावर दोघांचे वाजले. तो म्हणाला, "तुझ्यासारख्यांना परत पाठवायला पाहिजे." ती म्हणाली, "काका, तुमच्यासारख्यांनीच हा देश नासवला." ती बॅग घेऊन निघून गेली. कोण कोणत्या पक्षाचा, ते इथे लिहीत नाही. डोळे मिटून ऐकले तर फरक कळत नाही. सिद्धांत तेव्हा व्हिडिओ कॉलवर होता. मला म्हणाला, "बाबा, दे साउंड एक्झॅक्टली द सेम."

आमचे वडील सरपंचपदाची निवडणूक हरले, त्या संध्याकाळी जिंकलेले गृहस्थ आमच्या ओटीवर चहाला आले. वडील म्हणाले, "आता रस्ता कर. नाहीतर पुढच्या खेपेला बघतो तुला." दोघेही हसले. उपेंद्र तेव्हा वडिलांच्या मांडीवर होता. त्याला आठवत नसेल, म्हणून लिहून ठेवतो.

मी अनेक वर्षे अशा ठिकाणी राहतो जिथे मला मत नाही, आणि मतदानाला गावी जाणे जमले नाही. ज्यांना मत आहे त्यांचा मला हेवा वाटतो. एवढी मोठी गोष्ट हाती असून त्यांनी तिची काठी करून एकमेकांना मारावे, हे बघवत नाही.

माझ्या आजारपणासाठी दोघे आले आहेत. मैथिली घरी आहे, म्हणून उपेंद्र हॉटेलात उतरला आहे. तो येतो तेव्हा ती खोलीत जाते. मंगळवारपूर्वी मला दोघांना एका टेबलाशी बघायचे आहे. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. म्हणून मी दोघांची नावे दिली. वकील अलिशा मॅडम म्हणाल्या, "अंकल, जो गवाह बनेगा उसको कुछ नहीं मिलेगा. खलास." मी एक दिवस विचार केला. देवापुढे बसलो. मग दोघांचे हिस्से काढून टाकले.

मॅडमनी असेही सांगितले की साक्षीदारांनी एकाच वेळी हजर असण्याची कायद्याने गरज नाही. ती गरज माझी आहे.

५. मी बरा होऊन घरी आलो, तर हे मृत्युपत्र फाडून हिस्से पूर्ववत करीन. तोवर दोघांनी मला माफ करावे.

ठिकाण : अबुधाबी
दिनांक : १९ जानेवारी २०२५
(सही) सूर्यकांत भिकाजी घाडी

साक्षीदार :
१. (सही) उपेंद्र भिकाजी घाडी
२. (सही) मैथिली सूर्यकांत घाडी

सूर्यकांत घाडी यांनी आमच्या देखत सही केली आणि आम्ही एकमेकांच्या देखत केली. साक्षीदार क्रमांक एक चष्मा आणायला विसरले होते, म्हणून क्रमांक दोनने त्यांना सगळा मजकूर वाचून दाखवला. कलम चार त्यांनी पुन्हा वाचायला सांगितले. तिने पुन्हा वाचले.