आत्या, दिवाळी पोस्टपोन झाली

प्रिय आत्या,

काल ह्यांचा फोन आला. सुट्टी पोस्टपोन! दिवाळी चार दिवसांवर आलीये, चकलीची भाजणी दळून आणलीये, आणि तुमचा लेक तिकडं बर्फात बसून सांगतो, “ह्या महिन्यात काय जमंल असं वाटत न्हाई.” ईश्वरी शेजारीच होती. तिनं विचारलं, “आई, पोस्टपोन म्हणजे काय गं?” आठ वर्षांच्या तुमच्या नातीला सांगायला कितीसा अवघड शब्द? पण माझ्या तोंडून तो फुटेना. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

कारण सांगते, रागावू नका. पंधरा दिवसांपूर्वी अंघोळ करताना डाव्या छातीत हाताला गाठ लागली. वाटाण्याएवढी. मी सरकारी दवाखान्यात नर्स, रोज बायकांना बजावते, अंगावर काढू नका, लगेच दाखवा. आणि स्वतःला काय सांगितलं? दिवाळी झाल्यावर बघू!

तुम्हाला इंग्रजी शब्द येत होते चार-पाच, पण हा ‘पोस्टपोन’ अगदी पक्का. मामंजी फौजेत असताना त्यांच्या पत्रांतून तो घरात आला. शेजारच्या काकू विचारायच्या, “सुट्टी रद्द झाली का वं?” तुम्ही ठणकावायचात, “रद्द न्हाई, पोस्टपोन. रद्द म्हंजी येत न्हाई. पोस्टपोन म्हंजी येतोय, पर उशिरानं.” आणि मग दिवाळीच थांबायची. मामंजींच्या वेळची ही रीत तुम्ही लेकाच्या वेळीही मोडली नाहीत. फौजी घरी आल्याशिवाय कढई चढायची नाही, आकाशकंदील लागायचा नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी किती चिडले होते, आठवतं? अख्खी गल्ली उजळलेली आणि आपल्या दारात एकच पणती. मी आतल्या खोलीत रडत बसले. तुम्ही येऊन डोक्यावरून हात फिरवलात. म्हणालात, “रड. पर त्यो आल्यावर लय हसशील बघ.” आणि ऐन पौषात आपण दिवाळी केली! तुमचा लेक उटणं लावून कुडकुडत पाटावर बसलेला, आणि सगळी गल्ली पुन्हा एकदा चकल्या खायला आपल्या दारात. तेवढी मी माहेरीही कधी हसले नव्हते.

पण तुमचे खरे उपकार निराळेच. माझं नर्सिंगचं दुसरं वर्ष होतं. रोज पलूसहून सांगलीला एसटीनं जायचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भावकीतल्या बायकांनी घेरलं, गोड बातमी कधी? मी मान खाली घातली. तुम्ही वाण देता देता शांतपणे म्हणालात, “नातवंड पोस्टपोन हाय. तिची परीक्षा झाली की बघू.” एकीनं हसू दाबायला पदर तोंडाला लावला. आज माझ्या अंगावर गणवेश आहे तो त्या एका वाक्यामुळं. तुम्ही असताना हे कधी बोलले नाही. माझ्या आईनंही एवढं केलं नसतं, आत्या.

आता एक तक्रार ऐका. छातीत कळ येते, हे तुम्ही मला भांडी घासता घासता सांगितलंत, चहात साखर कमी पडली असं सांगावं तसं! मी म्हटलं, उद्याच सांगलीला जाऊ. तुम्ही म्हणालात, “दिवाळी हू दे, मग जाऊ. आन् त्येला कळवू नगंस. तिकडं घोर लागंल.” मी ऐकलं. का ऐकलं? आपल्या घरातली दिवाळी म्हणजे ह्यांची सुट्टी, हे मला ठाऊक नव्हतं का? सुट्टी एकदा पुढं गेली, मग दुसऱ्यांदा गेली. तिच्याबरोबर दिवाळी सरकली आणि दिवाळीबरोबर तुमची तपासणी. मार्गशीर्षात तुम्हीच गेलात. तुमचा लेक पोचला तो राख सावडायला.

तेव्हापासून तो शब्दच मला नकोसा झाला होता. पण काल ईश्वरीला उत्तर द्यायचं होतं. विचार करता करता कळलं, तुमची रीत वाईट नव्हती. चकल्या उशिरा झाल्या म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. तुमची कळ आपण दोघींनी त्या रीतीत गुंतवली, चूक तिथं झाली.

मग पोरीला तुमच्याच शब्दांत सांगितलं, बाबा येणार आहेत, पण उशिरा. तोवर दिवाळी थांबवू. ती फुरंगटून बसली खरी, पण तयार झाली.

आणि मी उद्या सकाळी पहिल्या एसटीनं सांगलीला निघते. नंबर लावलाय. आज संध्याकाळी ह्यांचा फोन आला की गाठीचं सांगणार आहे. घोर लागला तर लागू दे. तुमचं एवढं एक ऐकणार नाही, माफ करा. रिपोर्ट काय येईल देव जाणे. पण ह्या घरात यापुढं कुणाचंही दुखणं सुट्टीची वाट बघत बसणार नाही, एवढा शब्द देते.

तुमची सून,
सुवर्णा