मी इथे मरायला आलेलो नाही

ओकुनुमा,
१७ नोव्हेंबर

श्रीयुत किन्नोसुके सेनबा यांस,

मातागोरो हिरुमाचा नमस्कार. (नमस्कार रीत म्हणून, पुढचा सगळा राग मात्र मनापासून.) डोंगरावरची लाल पाने आता गळू लागली आहेत आणि पहाटे चौकात दहिवर पडते. अशा थंडीत आपली प्रकृती कशी आहे, सूनबाई आणि नातवंडे मजेत आहेत ना, हे विचारायचा प्रघात आहे म्हणून विचारतो. माझी प्रकृती ठणठणीत आहे. पण हे या सराईतल्या एकाही माणसाला पटत नाही, आणि हे सगळे तुझ्यामुळे झाले आहे. (खरे तर 'आपल्यामुळे' लिहायला हवे होते. तसे ठरवूनच बसलो होतो, पण राग आला की माझ्याने 'आपण' म्हणवत नाही.)

तीस वर्षे आपण दोघे नोव्हेंबरात इथल्या गरम झऱ्याला येतो. यंदा तुझे कार्ड आले. त्यावर एक ओळ! "यंदा जमणार नाही." जमणार नाही तर जमणार नाही, मी जाणारच, म्हणून हट्टाने बसमध्ये बसलो. मालकीणबाई सेत्सुए नेहमीसारख्या दारात गुडघे टेकून बसल्या होत्या. त्यांनी वाकून नमस्कार केला, वर पाहिले, मग माझ्या मागे पाहिले, मग पार रस्त्याच्या वळणापर्यंत पाहिले. मी म्हटले, एकटाच आहे. बाईंचा चेहरा असा उतरला की मीच त्यांचे सांत्वन करणार होतो. डोंगरातल्या सराईत एकटा म्हातारा उतरला की लोकांच्या मनात काय येते, हे तुला सांगायला नको. बाईंच्या सासऱ्यांच्या काळात असा एक पाहुणा पुलाखालून वर काढावा लागला होता. तेव्हापासून या घराने एकट्या माणसाची धास्तीच घेतली आहे. आपली नदीकाठची वरची खोली "दुरुस्तीला काढली आहे" असे सांगून मला तळमजल्यावर, स्वयंपाकघराला लागून खोली दिली. खिडकीतून उडी मारली तर मुळ्यांच्या वाफ्यात पडेन.

इथवरही मी सोसले असते. पण माझ्या पिशवीत काय होते, तर वरच्या खोलीतल्या तातामी चटईची किनार गेल्या वर्षी उसवलेली पाहिली होती, ती शिवायला घेतलेली सुरी, दाभण आणि तागाच्या दोऱ्याचे रीळ. चाळीस वर्षे ज्याने चटया शिवल्या त्याला उसवलेल्या किनारीवर झोप लागत नाही, यात त्याचा काय दोष? तोमेबाई अंथरूण घालायला आल्या, त्यांनी पिशवी उचलून कडेला ठेवली आणि सुरी घरंगळून बाहेर आली. "अगं बाई!" म्हणून त्यांनी ती ॲप्रनमध्ये गुंडाळली, मग दोरा पाहिला आणि त्यांचे डोळेच भरून आले. "आजोबा, हे आम्ही जपून ठेवतो हं. तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका." मी चटईबद्दल समजावून सांगू लागलो, तर त्या मान हलवत "हो हो, बोला, मन मोकळं करा" म्हणाल्या. (आणि आजोबा! तोमेबाई माझ्याहून फार तर सहा वर्षांनी लहान असतील.)

त्या दिवसापासून माझ्या हाती काही टोकदार लागू नये, मी सुरी मागू नये, म्हणून ताटात अख्खा पदार्थ येत नाही. मासा काटे काढून येतो. पर्सिमॉनची फळे कापून येतात, तेही एवढे बारीक की चॉपस्टिकने उचलताना घाम फुटतो.

जेवणावरून आठवले. गेल्या वर्षीचे मी विसरलेलो नाही. तीस वर्षे जेवणाच्या खोलीत कोनाड्यापुढच्या मानाच्या जागेवर कोणी बसायचे याचा आपला रिवाज ठरलेला होता. तू म्हणायचास तू बस, मी म्हणायचो छे छे तूच बस, असे तीनदा झाले की आठ महिन्यांनी मोठा म्हणून मी नाइलाजाने बसायचो. सूप गार व्हायचे, पण रीत ती रीत. गेल्या वर्षी तू खोलीत शिरलास आणि सरळ जाऊन तिथे बसलास! एकदाही विचारले नाहीस! परतीच्या बसमध्ये मी तुला म्हातारपणी उद्धट झालास असे म्हणालो. ते मी मागे घेत नाही. म्हणजे घेत नव्हतो.

परवा त्या जागेवर मी एकटा बसलो. "तू बस" म्हणायला समोर कोणी नव्हते, त्यामुळे नको म्हणता आले नाही. जेवण झाल्यावर उठायला गेलो तर पाय मुंग्या येऊन बधिर झालेले. हात आपोआप कोनाड्याच्या खांबाकडे गेला. अख्ख्या खोलीत धरून उठण्यासारखी तेवढी एकच वस्तू आहे, किन्नोसुके. मग आठवले की गेल्या वर्षी तू कुंडाच्या पायऱ्याही एकेक करून उतरत होतास आणि मी वर उभा राहून "लवकर, तोवर पाणी आटेल" म्हणत होतो. गुडघा दुखत होता तर तोंडाने सांगायला काय झाले होते? तीस वर्षे ज्याची पाठ घासली त्याला एवढे सांगायची लाज वाटली? मला फार वाईट वाटले. आणि वाईट वाटत असतानाच तोमेबाई दार सरकवून आत आल्या, मी खांब धरून उभा आणि डोळे ओले, हे त्यांनी पाहिले. झाले! पहारा दुप्पट झाला.

आता मी कुंडात उतरलो की कुंपणापलीकडून गिसाकू दर पाच मिनिटांनी ओरडतो, "आजोबा, आहात ना?" (हा गिसाकू म्हणजे कुंडे घासणारा, सत्तरीचा, कानाने कमी.) मी "आहे!" म्हटले तर त्याला ऐकू येत नाही, मग तो पाण्यात हात घालून मला चाचपडतो. काल असा संतापलो की तसाच बाहेर आलो, अंगरखा कसाबसा गुंडाळला आणि तरातरा निघालो. ओसरीवर मालकीणबाई टॉवेलांची चळत घेऊन समोरून आल्या. त्यांनी माझ्या छातीकडे पाहिले आणि टॉवेलांसकट खाली बसल्या. मीही खाली पाहिले. रागाच्या भरात मी उजवा पदर वर घेतला होता, प्रेताला घालतात तसा.

त्यानंतरचे काय सांगू! बाई, तोमेबाई आणि स्वयंपाकी असे तिघे माझ्यासमोर रांगेत बसले. "उद्या अळंब्यांचा भात आहे," तोमेबाई म्हणाल्या. "तो खाल्ल्याशिवाय कुठं जायचं नाही. वचन द्या." मी वचन दिले. (भात उत्तम होता. तीन वाट्या खाल्ल्या. अळंबी मात्र किसलेली.) मग तुला चार खरमरीत शब्द लिहावेत म्हणून मी कागद आणि शाई मागितली, तर शेवटची चिठ्ठीच लिहितो आहे असे समजून तोमेबाईंनी ॲप्रन डोळ्यांना लावला. शेवटी कागद मिळाला, पण पाकीट उघडेच द्यायचे, बाई वाचून मग टाकणार, या अटीवर. तेव्हा मालकीणबाई, वाचताच आहात तर नीट वाचा. मी मरायला आलेलो नाही. मी चिडायला आलो आहे.

कळावे, राग असावा, पण उत्तर यावे.

तुझा,
मातागोरो

ता. क. : बाई म्हणतात, ओळखीचे कोणी न्यायला आल्याशिवाय सोडणार नाही. सुरीही तेव्हाच मिळेल. मुलाला त्रास देणे मला पटत नाही, तेव्हा तूच ये. माझी इच्छा म्हणून नव्हे, अडचण म्हणून लिहितो आहे.

पुन्हा ता. क. : मानाच्या जागेवर तू बस. मी एकदाही विचारणार नाही. उद्धटपणाचे शब्द मागे घेतले.

सेनबा-सान यांना सेत्सुएचा नमस्कार. पत्र वाचल्याबद्दल क्षमा असावी. त्यांची सुरी आम्ही आज भात झाल्यावर लगेच परत दिली. वरची खोलीही त्यांच्यासाठी उघडली आहे, पण ते जात नाहीत, दोघांची आहे म्हणतात. त्यांना कोणी अडवलेले नाही. बस दिवसातून दोनदा येते. दोन्ही वेळा ते थांब्यावर जाऊन उभे राहतात, कोण कोण उतरले ते पाहतात आणि बस गेली की परत येतात. आज पाऊस आहे, तरी गेले आहेत.