अक्काचा पाय आणि पळणारं इंजिन

मंगळवार, संध्याकाळ

सकाळी नशिराबादजवळ माझी जुनी कार अक्काच्या हातात एकदम पुढे उसळली. मोठी बहीण माझी, या वयात हौसेनं गाडी चालवायला शिकतेय. आपलाच पाय चुकला, बस झालं, असं म्हणून उतरलीच.

मला काही पटेना. घरी पाहिलं, तर ॲक्सिलरेटर न दाबताही इंजिन पळतंय. हवा आत सोडणारी थ्रॉटलची झडप साफ केली, फरक नाही. पण मग एक बारीक फुसफुस ऐकू आली. ही कुठली? रबरी नळ्यांवर पाणी शिंपडत गेलो. एकीवर पडताच आवाज उतरला. नळीला चीर! तिथूनच जादा हवा आत जाऊन इंजिन पळत होतं. नळी बदलली. फुसफुस थांबली, इंजिनही.. म्हणजे बंद नाही, शांत झालं.

अक्काला बोलावून इंजिन ऐकवलं.

"आते कशी गप शे! मंग मना पाय नही चुकना ना?"

"नाही गं, तुझा पाय नव्हता चुकला."

तिनं किल्ली मागितली आणि मला शेजारच्या सीटवर बसवलं.